पायपिटीचा तमाशा

स्टीफन किंग ह्या अमेरिकन कादंबरीकाराने मेन विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना, १९६६-६७च्या सुमारास, लिहिलेली आणि पुढे १९७९ साली रिचर्ड बॅकमन ह्या टोपणनावाने प्रसिद्ध केलेली ‘द लाँग वॉक’ वाचताना प्रथमदर्शनी असे वाटते की, शंभर किशोरांनी ताशी चार मैलांच्या खाली न येता अहोरात्र चालावे, तीन ताकिदींनंतरही जो रेंगाळेल त्यास शिपायांनी रस्त्यातच गोळी घालावी, आणि अखेर उरेल त्या एकास मागेल ते इनाम मिळावे, ही कल्पना केवळ विकृत प्रतिभेलाच सुचू शकेल. अमेरिकन करमणुकीचे दप्तर मात्र निराळी साक्ष देते.

ज्या मेन संस्थानात ही कादंबरी सुरू होते, तेथीलच पोर्टलंड शहराहून १८६७ साली एडवर्ड पेसन वेस्टन नावाचा गृहस्थ पायी शिकागोस निघाला. ह्याचा पूर्वेतिहास मौजेचा आहे. लिंकन निवडून येणार नाही ही पैज तो हरला होता, आणि तिच्या शर्तीप्रमाणे १८६१ साली बॉस्टनहून वॉशिंग्टनपर्यंत दहा दिवस पायपीट करून पोहोचला, तो शपथविधी नुकताच आटोपलेला! पोर्टलंडची दहा हजार डॉलरांची पैज मात्र त्याने जिंकली. छंदाचा धंदा होण्यास मग वेळ लागला नाही. बंदिस्त प्रेक्षागारांत सहा-सहा दिवसांच्या शर्यती भरू लागल्या. सहाच, कारण रविवारी खेळ करणे धर्मभीरू लोकमतास मंजूर नव्हते. माणसास झोपेवाचून फिरविण्यास त्याच लोकमताची हरकत नव्हती.

१९२३ साली न्यूयॉर्कमध्ये अल्मा कमिंग्ज हिने सहा जोडीदार दमवून सत्तावीस तास नृत्य केले, आणि तेथून पसरलेल्या नृत्यस्पर्धांच्या साथीत पुढे मंदीने गांजलेले बेकार लोक सापडले. तासातील पंचेचाळीस मिनिटे पाय हलते ठेवावयाचे, उरलेली पंधरा विश्रांतीची, गुडघा जमिनीस टेकला की बाद, जेवणदेखील उभ्यानेच. तरी अन्न मिळते एवढ्यासाठी पुष्कळजण नावे नोंदवीत, आणि तिकीट काढून बसलेले प्रेक्षक कोण केव्हा कोसळतो ह्याची वाट पाहत. किंगने ह्या सर्व सामग्रीत भर घातली ती बंदुकीची. आणि प्रकरणांच्या माथ्यावर दूरचित्रवाणीवरील खेळांच्या सूत्रधारांची वाक्ये देऊन आपला रोख कोणावर आहे हेही त्याने लपविले नाही. कादंबरीत व्हिएतनाम युद्धासाठीची सक्तीची सैन्यभरती पाहणाऱ्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते, कारण ही मुले स्वतः अर्ज करून आलेली आहेत.

तशीच १९२८ सालीही आली होती. सी. सी. पाइल ह्या कंत्राटदाराने लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी पायी धावण्याची शर्यत भरविली, तेव्हा निघालेल्या १९९ जणांपैकी ५५ पोहोचले, आणि अँडी पेन ह्या वीस वर्षांच्या चेरोकी शेतकरीपुत्राने पंचवीस हजार डॉलर जिंकून वडिलांची गहाण शेती सोडविली. पुढच्या वर्षी पाइलने तीच शर्यत उलट दिशेने भरविली. ती जिंकणाऱ्या जॉनी सालो ह्यास ठरलेले इनाम कधीच मिळाले नाही.