लैला (अनप्लग्ड)

‘लैला (अनप्लग्ड)’ हे इंग्लिश गायक व गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या ‘लैला’ या गीताचे १९९२ मधील पुनर्ध्वनिमुद्रण आहे. मूळ गीत १९७० साली त्यांच्याच ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या बँडने ध्वनिमुद्रित केले. क्लॅप्टन व ड्रमवादक जिम गॉर्डन हे त्याचे रचनाकार होत.

मित्र जॉर्ज हॅरिसन यांच्या पत्नी पॅटी बॉइड यांच्याविषयीचे क्लॅप्टन यांचे प्रेम आणि फारसी कवी निजामी यांची लैला-मजनूची कथा यांतून हे गीत स्फुरले. मूळ गीतात ड्वेन ऑलमन यांच्यासह वाजवलेल्या इलेक्ट्रिक गिटारींचा द्रुत, आर्त आवेग आहे. पुढे क्लॅप्टन व बॉइड यांचा विवाह झाला आणि घटस्फोटही.

१६ जानेवारी १९९२ रोजी एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमासाठी क्लॅप्टन यांनी अकूस्टिक गिटारवर हे गीत संथ लयीत, खालच्या स्वरात गायले आणि गॉर्डन यांच्या नावे असलेला पियानोचा उत्तरार्ध वगळला. त्यामुळे विनवणीचे गीत आठवणीचे झाले.

१९९३ साली या ध्वनिमुद्रणामुळे गीताला सर्वोत्कृष्ट रॉक गीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ते रचनाकारांना दिले जात असल्याने गॉर्डन हेही त्याचे मानकरी ठरले.