वॉकर, मोझेस फ्लीटवुड
(७ ऑक्टोबर १८५६–११ मे १९२४). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉल खेळाडू. अमेरिकेतील प्रथम श्रेणीच्या बेसबॉल संघटनेत उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून खेळलेला पहिला खेळाडू. १८७९ मध्ये प्रॉव्हिडन्स संघातून एकच सामना खेळलेला विल्यम एडवर्ड व्हाइट हा गुलाम मातेचा पुत्र असावा, असे संशोधकांचे मत आहे; तथापि तो गौरवर्णीय म्हणूनच वावरला. वॉकरचा जन्म ओहायओ राज्यातील मौंट प्लेझंट येथे झाला. त्याचे वडील डॉक्टर व पुढे धर्मोपदेशक होते. ओबर्लिन महाविद्यालय व मिशिगन विद्यापीठ येथे त्याचे शिक्षण झाले. पदवी न घेताच १८८३ मध्ये तो टोलीडो संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाला.

वॉकर हा कॅचर म्हणजे झेलक होता. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे झेलक फलंदाजाच्या मागे असतो. पण चेंडू कसा टाकावयाचा याची खूणही तोच पिचरला करतो. त्या काळी जाड गादीचे हातमोजे नव्हते. उघड्या हातांनी वा पातळ कातड्याच्या मोज्यांनी वेगवान चेंडू झेलावे लागत व बोटे वारंवार जायबंदी होत. अशा वेळी पुढचा चेंडू कसा येणार हे झेलकास आधी कळणे, हेच त्याचे मुख्य संरक्षण होते. टोलीडोचा नामांकित पिचर टोनी मलेन याने वॉकरला तेच नाकारले. आपण पाहिलेला सर्वोत्तम झेलक वॉकरच होता. पण कृष्णवर्णीयाच्या खुणा पाळणे नको म्हणून मनास येईल तसे चेंडू टाकीत असू, असे मलेननेच १९१९ मध्ये सांगितले. वॉकर ते चेंडूही झेलीत राहिला.

टोलीडो १८८४ मध्ये अमेरिकन असोसिएशन या प्रथम श्रेणीच्या संघटनेत आला. त्या मोसमात वॉकर ४२ सामने खेळला व त्याची फलंदाजीची सरासरी ०·२६३ होती. त्याचा भाऊ वेल्डी हाही पाच सामने खेळला. वॉकर मैदानात उतरल्यास जमाव हल्ला करील, अशी धमकी रिचमंडहून पत्राने आली. दुखापतींमुळे त्याला मोसम संपण्यापूर्वीच मुक्त करण्यात आले आणि प्रथम श्रेणीचे दार त्याला पुन्हा उघडले नाही.

या बहिष्काराचा दोष बहुधा शिकागो संघाचा कर्णधार एड्रियन अँसन याच्या माथी मारला जातो. १० ऑगस्ट १८८३ रोजी वॉकर असल्यास खेळणार नाही, असे त्याने टोलीडोत बजाविले. हात दुखत असल्यामुळे वॉकरला त्या दिवशी विश्रांती द्यावयाची होती. परंतु व्यवस्थापकाने मुद्दाम त्याला क्षेत्ररक्षणास उभे केले. प्रवेशशुल्काच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल असे दिसताच अँसन खेळला. १८८७ मध्ये न्यूअर्क येथे मात्र त्याच्या संघाविरुद्ध वॉकर व कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्ही हे दोघेही उतरले नाहीत. तो दिवस होता १४ जुलै. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संघचालकांनी कृष्णवर्णीयांशी यापुढे नवे करार मंजूर करावयाचे नाहीत, असा निर्णय सहा विरुद्ध चार मतांनी घेतला. अँसनचा हट्ट खरा असला, तरी ही मते त्याची नव्हती, संघचालकांची होती.

जुन्या खेळाडूंना त्यातून वगळल्यामुळे वॉकर सिरक्यूझ संघातून १८८९ पर्यंत खेळला. त्याच्यानंतर त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९४६ मध्ये, माँट्रिऑलकडून खेळणारा जॅकी रॉबिन्सन.

वॉकरचे उत्तरायुष्य खळबळीचे गेले. १८९१ मध्ये सिरक्यूझ येथील एका झटापटीत त्याच्या हातून एक गौरवर्णीय मारला गेला. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. पुढे टपालातील पैशांच्या अपहाराबद्दल त्याने कारावासही भोगला. त्याने काही शोधांची एकस्वे मिळविली, नाट्यगृह चालविले व वेल्डीसह वृत्तपत्र काढले. अवर होम कॉलनी (१९०८) या पुस्तकात कृष्णवर्णीयांनी अमेरिका सोडून आफ्रिकेत जावे, असे त्याने प्रतिपादिले. संमिश्र संघांतून खेळलेल्या माणसाने हा निष्कर्ष काढावा, यात त्याच्या अनुभवाचा वाटा मोठा असावा. क्लीव्हलंड येथे त्याचे निधन झाले. स्ट्यूबेनव्हिल येथील त्याच्या थडग्यावर अनेक दशके नामशिला नव्हती; ती ओबर्लिन महाविद्यालयाच्या क्रीडाप्रेमी माजी विद्यार्थ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बसविली.