पैसे कुणी दिले होते?

'फॉरेन हँड' हा शब्द आपल्या आई-बाबांच्या पिढीने इतका ऐकलाय की आता त्याचा जोक झालाय. पण मुंबईत हा हात एकदा खरंच होता. आणि कुठे? तर कविता आणि समीक्षा छापणाऱ्या एका इंग्रजी नियतकालिकाच्या मागे!

मार्च १९५१. 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संस्थेची भारतीय परिषद मुंबईत भरली. (काँग्रेस म्हणजे आपली पार्टी नव्हे हं!) खरं तर ती दिल्लीत व्हायची होती, पण नेहरू सरकारला ते पसंत नव्हतं, म्हणून आली मुंबईला. जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, परदेशातून कवी ऑडेन अशी मोठमोठी मंडळी जमली. त्यातून भारतीय कमिटी उभी राहिली आणि १९५५ मध्ये या कमिटीने 'क्वेस्ट' सुरू केलं. पहिले संपादक आपल्या मुंबईचे कवी निस्सिम इझिकेल.

काळ बघा. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्ट झालेला. इकडे परळ-लालबागच्या गिरण्यांत लाल बावटा जोरात. १९५७ मध्ये कॉम्रेड डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. रशिया आपली पुस्तकं मराठीतसुद्धा विकत होता. सुंदर चित्रं, किंमत नाममात्र. प्रचार होता, पण निदान पुस्तक कुठून आलं ते आत छापलेलं असायचं. (पडद्याआडचे उद्योग केजीबीनेही केलेच. ते २००५ च्या मित्रोखिन पुस्तकात आले.)

'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम'वर मात्र देणाऱ्याचं खरं नाव नव्हतं. १९६६-६७ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी भांडं फोडलं: पैसा सीआयएचा, फाउंडेशनांच्या आडून फिरवलेला. 'क्वेस्ट'मध्ये लिहिणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता. त्यांची मतं त्यांचीच होती. पण हे आता पटवून देणार कसं?

माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. पुढे आणीबाणी आली. मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'मधले लेख सेन्सॉरने अडवले, ते कोर्टात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 'क्वेस्ट' १९७६ मध्ये बंद पडलं. म्हणजे लोकशाहीची वेळ आली तेव्हा ही माणसं खरंच उभी राहिली. आणि सरकार तेव्हा काय म्हणत होतं? परकीय हात! लोकशाहीला मदत म्हणून चोरून दिलेला पैसा शेवटी लोकशाहीवाल्यांवरच उलटला.

अमेरिकेत यातून काहीतरी निघालं. तोपर्यंत सीआयएवर लक्ष ठेवणं म्हणजे मोजक्या ज्येष्ठ सभासदांनी फार प्रश्न न विचारणं. जानेवारी १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांची चौकशी समिती नेमली गेली. मग १९७६ मध्ये सिनेटची आणि १९७७ मध्ये प्रतिनिधीगृहाची कायमची समिती आली. १९८३ मध्ये 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी' निघाली: परदेशातल्या लोकशाहीला पैसे द्यायचेत ना, मग संसदेत मंजूर करून उघड द्या. सगळं सुरळीत झालं का? छे. समित्या असतानाही १९८६ मध्ये इराण-काँट्रा बाहेर आलंच. पण निदान जाब विचारायला एक जागा होती.

आणि आपण? आयबी १८८७ ची, रॉ १९६८ ची. दोन्हींचे अधिकार ठरवणारा कायदा संसदेने केलेला नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवणारी संसदेची खास समिती नाही, आणि माहिती अधिकारातूनही त्या बऱ्याच अंशी वगळलेल्या. २०११ मध्ये मनीष तिवारींनी लोकसभेत खासगी विधेयक आणलं. ते पुढे सरकलंच नाही.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: ज्याच्याकडे सर्व्हरचा रूट पासवर्ड, त्याचे लॉग दुसऱ्याने तपासायचे. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या काही झालं, तर त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध करायला तेवढाच पुरावा असतो म्हणून. 'क्वेस्ट'वाल्यांकडे असा लॉग नव्हता. आपल्या गुप्तहेरांकडे तरी कुठे आहे?