एका तारेतले दोन प्रवाह : मुंबईच्या वेशीवर वीज कशी बदलत असे? (थ्रेड)

१/ ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेवरची गाडी धावली. तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह, म्हणजे डीसी, होता. १९३० पर्यंत हीच वीज घाट चढून इगतपुरी आणि पुण्याला पोहोचली. पश्चिमेकडे १९३६ मध्ये विरारला.

२/ त्या काळी ही निवड योग्यच होती. इंजिनातील मोटारी डीसीवर चालत आणि तारेतील वीज त्यांना थेट देता येई. मात्र दाब कमी असला की त्याच शक्तीसाठी प्रवाह अधिक लागतो. त्यामुळे तारा जाड आणि उपकेंद्रे जवळजवळ ठेवावी लागत.

३/ १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रान्समधील अनुभव पाहून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, स्वीकारला. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह साधारण सतरा पटींनी कमी लागतो. देशभर नवे विद्युतीकरण याच पद्धतीने होऊ लागले आणि सर्वांत आधी वीज आणणारी मुंबई वेगळी पडली.

४/ दोन विजांची सीमा विरार आणि इगतपुरीजवळ आली. एका प्रवाहाचे इंजिन दुसऱ्यावर चालत नसल्याने तेथे इंजिन बदलणे भाग होते. यावर उपाय म्हणून चित्तरंजनच्या कारखान्यात १९७० च्या दशकात ‘डब्ल्यूसीएएम-१’ हे इंजिन तयार झाले. नावातच गोष्ट आहे : ‘सी’ म्हणजे डीसी, ‘ए’ म्हणजे एसी.

५/ हे इंजिन सीमा कशी ओलांडे? दोन विजांच्या मध्ये तारेचा एक वीजविरहित तुकडा असे. चालक आधी शक्ती शून्यावर आणी, मुख्य सर्किट ब्रेकर उघडी आणि गाडी केवळ वेगाच्या जोरावर तो तुकडा पार करी. इंजिनातील जोडणी बदलली आणि नवी वीज मिळाली की ब्रेकर पुन्हा बंद होई.

६/ एसीखाली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उतरून रेक्टिफायरमध्ये डीसी होई आणि मग मोटारींकडे जाई. डीसीखाली हा सारा टप्पा वगळून ती प्रतिरोधकांमार्गे मोटारींना मिळे. दोन्ही संच एकाच सांगाड्यात वाहून नेण्याची किंमत होती : हे इंजिन एसीवर सुमारे ३६४० अश्वशक्ती देई, तर डीसीवर सुमारे २९३०.

७/ इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. युरोस्टार गाड्या २००७ पर्यंत केंट परगण्यात रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट घेत आणि पुढे डोक्यावरच्या २५,००० व्होल्टच्या तारेकडे वळत. तेथे वीज घेण्याची जागाच बदले. मुंबईत तार तीच दिसे, आत काय वाहते ते डोळ्यांना कळत नसे. म्हणून इशाऱ्याच्या पाट्या आणि चालकाची शिस्त यांना येथे अधिक महत्त्व होते.

८/ मग मुंबईने डीसी लवकर का सोडली नाही? लोकल एक दिवसही थांबवता येत नव्हती. उच्च दाबाच्या तारेला अधिक मोकळे अंतर लागते आणि रुळांवरचे जुने पूल तर बुटके होते. सिग्नल आणि दूरसंचार तारांनाही एसीच्या प्रभावापासून जपायचे होते. अखेर दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल आल्या आणि बदल तुकड्यातुकड्याने झाला.

९/ पश्चिम रेल्वेवरील डीसी फेब्रुवारी २०१२ मध्ये संपली. मध्य रेल्वेवरचा शेवटचा डीसी मार्ग एप्रिल २०१६ मध्ये बदलला आणि तो हार्बर मार्गच होता. जेथे ही वीज प्रथम आली, तेथूनच ती अखेरची गेली.

१०/ अहिल्यानगरवरून जाणारा दौंड–मनमाड मार्ग उशिरा विजेवर आला, म्हणून थेट २५,००० व्होल्टवर आला. त्याला सीमा ओलांडावी लागली नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात पहिल्याला मान मिळतो, पण जुन्या निवडीचे ओझेही तोच सर्वाधिक काळ वाहतो. मुंबईने ते एक्क्याण्णव वर्षे वाहिले.