गळाची दोरी

गोदाकाठी गळ टाकून बसलेला कोळी आम्हां नाशिककरांना रिकामटेकडा वाटतो. पण या रिकामपणावर एका राजाने प्रकरण लिहिले आहे बरे! कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (सुमारे ११३०) मत्स्यविनोद आला आहे : काठी, दोरी, गळ, आमिष, सारे काही. (कांडताना गायच्या ओवीची नोंदही याच ग्रंथात.) राजाला हे कोणा कोळ्या-भोयानेच सांगितले असावे, राजाचा तो विनोद, सांगणाऱ्याची संध्याकाळची भाकरी.

संथ डोहात दोरी बारीक हवी, नाहीतर मासा बुजतो. खडकाळ धारेत जाड, नाहीतर तुटते. काठी लवचिक असली तर बारीक दोरीही झटका सोसते. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले. पुढे सुताची दोरी मागे पडली. दोरी पारखणे मात्र अजून बोटांकडेच आहे.