पोत कधी उतरवायची?

संक्रांत तोंडावर आली आहे. तिळगूळ, वाणाच्या वस्तू आणि हळदीकुंकवाची यादी, घरोघरी हीच गडबड असेल. गेल्या वर्षी आमच्या कोराडीच्या घरी ही यादी करताना सासूबाई एका नावापाशी थांबल्या. आमच्याच ओळीत राहणारी बाई. नवरा परमुलखात कामाला गेला, त्याला नऊ वर्षं झाली. ना चिठ्ठी, ना फोन. तिच्या गळ्यात काळी पोत आहे, कपाळाला कुंकू आहे. सासूबाई म्हणाल्या, "हिला बोलवायचं का गं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सैनिकांच्या घरांत तर तो फार जुना आहे. आपल्या शेजारी कामठीला छावणी आहे, गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. युद्धात माणूस गेला तर दुःख मोठं, पण ते ठरलेलं असतं. जो बेपत्ता झाला, त्याच्या बायकोनं अंगावरच्या खुणांचं काय करायचं? आज त्याबद्दल बोलूया.

आपण 14 जानेवारीला संक्रांत करतो. 1761 साली याच तारखेला पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. सेनापती सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले आणि परत दिसले नाहीत. पुढे एक धड त्यांचं म्हणून ओळखलं गेलं, त्याला अग्नीही दिला गेला, पण शंका काही मिटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या स्वारीत बरोबर होत्या. जीव वाचवून त्या दक्षिणेत परतल्या. भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानलं नाही आणि सौभाग्याची लेणी उतरवली नाहीत. मध्ये भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतयाही उभा राहिला. पुष्कळ लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. 1776 मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. तो खोटा ठरला, पण म्हणून खरा मेला असं सिद्ध झालं नव्हतं! पार्वतीबाई 1783 साली वारल्या. म्हणजे बावीस वर्षं त्यांनी ते कुंकू सांभाळलं.

अशा वेळी किती वाट पाहायची, याचे हिशेब समाजानं करून ठेवले आहेत. जुन्या धर्मशास्त्रात बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा अशी रीत सांगितली आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 108 आलं. ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. नव्या साक्ष कायद्यातही ही तरतूद आहे. वारसा, मालमत्ता, दुसरं लग्न यांसाठी अशी मुदत लागतेच, नाहीतर बाई कायमची अडकून पडेल. पण ही मुदत कागदाची आहे. बारा वर्षं आणि एक दिवस झाला म्हणून मन पोत उतरवत नाही.

आता आपल्या काळातली गोष्ट. 1971 च्या युद्धात, 5 डिसेंबरला, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं विमान पाकिस्तानात पाडलं गेलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्या दिवसांत ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली, आणि त्यात तांबे या नावाशी जुळणारं नाव होतं. भारताच्या ताब्यातले सुमारे 93 हजार पाकिस्तानी युद्धकैदी पुढे परत गेले. आपलेही कैदी वाघ्याहून परतले. त्यांत विजय तांबे नव्हते. असे 54 जण सरकारच्या यादीत बेपत्ता राहिले. पाकिस्ताननं मात्र असे कैदी आपल्याकडे नाहीत असंच सांगितलं. 2007 साली या जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोध घ्यायला गेले, त्यांत दमयंतीताई होत्या. हाती काही लागलं नाही. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि शोध चालू ठेवला.

या दोन्ही गोष्टींत एक सारखेपणा आहे बघा. आठवणीची खूण एकट्या बायकोनं वागवायची. बाकी समाज काय करतो? तिच्या कपाळाकडे बघतो आणि तर्क करतो.

अमेरिकेत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. व्हिएतनामच्या युद्धात त्यांचे शेकडो सैनिक कैदेत पडले, कित्येक बेपत्ता झाले. 1970 साली कॅलिफोर्नियातल्या कॅरोल बेट्स आणि के हंटर या दोन विद्यार्थिनींनी आपल्या संघटनेतर्फे धातूची साधी कडी काढली. प्रत्येक कड्यावर एका सैनिकाचं नाव, हुद्दा आणि तो हरवला ती तारीख. किंमत अडीच डॉलर. घेणाऱ्यानं शब्द द्यायचा की हा माणूस परत येईपर्यंत किंवा त्याचं काय झालं ते कळेपर्यंत कडं काढणार नाही. सुमारे 50 लाख कडी गेली. घालणाऱ्यांतल्या बहुतेकांचं त्या सैनिकाशी काही नातं नव्हतं! 1973 मध्ये 591 कैदी सुटून आले, तेव्हा अनेकांनी हातातलं कडं काढून त्या त्या सैनिकाला पाठवून दिलं.

कड्यानं काही तुरुंगाचं कुलूप उघडत नाही, हे मलाही कळतं. पण शाळेतली एखादी मुलगी अनोळखी माणसाचं नाव मनगटावर वागवते, तेव्हा त्याच्या बायकोच्या गळ्यावरचं ओझं थोडं वाटून घेतलं जातं. तिला कुणी "अजून घालतेस?" असं विचारत नाही, कारण विचारणारीच्याही हातात तेच नाव असतं.

आपल्याकडे 54 नावांची कडी निघाली नाहीत. पण हळदीकुंकू आपलं आहे, यादी आपण करतो. कोराडीच्या जगदंबेला ओटी भरायला बाया रांगेत उभ्या राहतात, त्या रांगेत कुणाला घ्यायचं तेही शेवटी आपणच ठरवतो. पोत ठेवायची की उतरवायची, हे तिचं तिला ठरवू द्यावं. ठेवली तर वेडी म्हणू नये, उतरवली तर निष्ठुर म्हणू नये.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि सासूबाई त्या बाईच्या दारात गेलो. सासूबाईंनीच विचारलं, "येशील का?" ती म्हणाली, "येते. फक्त त्याच्याबद्दल काही विचारू नका." ती आली. सासूबाईंनी तिला सगळ्यांसारखंच कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वाण दिलं.

यंदा यादी करताना तिच्या नावापाशी कुणी थांबलं नाही.