रत्नागिरीच्या वईतील अडुळसा : एका काढ्याचा इतिहास

पानांचा काढा रोगावर घेण्याचा प्रघात सार्वत्रिक आहे. भूमध्य समुद्राकाठी तापावर ऑलिव्हची पाने उकळून घेत. रत्नागिरीकडे खोकल्यावर अडुळसा घेतात. परंपरेने सांगितलेल्या गुणांपैकी कोणता किती ग्राह्य धरावा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

अडुळसा हे मुळात कुंपणाचे झुडूप होय. त्याच्या कडू पाल्यास गुरे तोंड लावीत नाहीत. म्हणून तो जांभ्या दगडाच्या गडग्यालगत अथवा वईत लावतात. लिनिअसने इ. स. १७५३ मध्ये स्वीकारलेल्या ‘अधाटोडा’ या दाक्षिणात्य नावाचा अर्थही ‘शेळी ज्याला शिवत नाही ते’ असा लावतात. पानांचा रस सहजी निघत नाही. ती वाफवून वा तव्यावर शेकून पिळतात आणि रस मधाबरोबर देतात, किंवा ज्येष्ठमधासह त्यांचा काढा करतात.

संस्कृत वैद्यकात यालाच ‘वासा’ म्हणतात. चरकसंहितेच्या रक्तपित्तचिकित्सेत वासाघृत सांगितले आहे. परंतु वासा उपलब्ध असता रक्तपित्त, कास व क्षय यांच्या रोग्याने निराश होऊ नये, अशा आशयाचे वचनही वैद्यकात प्रसिद्ध आहे. येथे उपचाराचे आश्वासन झाले.

या आश्वासनाची कसोटी पुढील काळात लागली. इ. स. १८८२ मध्ये कॉख याने क्षयाचा जंतू दाखविला. इ. स. १८८८ मध्ये हूपर याने अडुळशातून ‘व्हॅसिसीन’ हे अल्कलॉइड वेगळे केले. त्याच्या रचनेवरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध झाले व ते इ. स. १९६३ च्या सुमारास प्रचारात आले. खोकल्यावरील घरगुती अनुभवास यामुळे बळकटी आली. इ. स. १९९६ मध्ये ब्रोमहेक्सिन व त्यापासून मिळणारे अँब्रॉक्सॉल यांनी प्रयोगनळीत क्षयजंतूंची वाढ रोखल्याचेही प्रसिद्ध झाले.

तथापि प्रयोगनळीतील कृत्रिम द्रव्य म्हणजे घरचा काढा नव्हे. काढ्याने खोकला हलका होतो. क्षय बरा होत नाही. हा भेद न जाणता रोगी काढ्यावरच राहिला, तर काही महिन्यांच्या औषधयोजनेने बरा होणारा रोग बळावतो आणि घरातील इतरांसही जडतो. शिवाय व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडविते. म्हणून गर्भवतीने तो वर्ज्य करावा. परंपरेचा आदर राखावयाचा, तर तिच्या अनुभवाइतकीच तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे.